मार्ज मावशी वाळूखाली आहे

सकाळी खेकड्यांच्या टाकीची काच पुसायला गेलो तर वाटलं, कोपऱ्यात मीठ सांडलंय. आदल्या दिवशी मी खाऱ्या पाण्याची वाटी भरली होती, तेव्हा चिमूटभर सांडलं असेल. बोटाने पुसायला गेलो, तर मीठ चालायला लागलं.

माझ्या बायकोच्या, लोरेटाच्या, शिवणाच्या डब्यातून भिंग आणलं. पांढरे, गोल, बारीक किडे होते. काचेवर होते, वाटीच्या काठावर होते, चढायला ठेवलेल्या ओंडक्यावर तर थर होता. तिन्ही खेकडे वाळू सोडून वरच्या जाळीला लटकले होते. त्यातल्या फिलिसला खाली उतरवलं आणि उलटं करून पाहिलं. तिच्या पायांच्या सांध्यांत, डोळ्यांच्या देठांवर तेच किडे. तिने मला चिमटा काढायलाही नांगी उचलली नाही.

हे शंखात राहणारे खेकडे. आमच्या गावात उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या लाकडी रस्त्याला लागून जी दुकानं आहेत, तिथे ते टॉफीच्या शेजारी पिंजऱ्यात ठेवलेले असतात. रंगवलेल्या शंखांत घालून विकतात. सुट्टीवर आलेले लोक पोरांसाठी घेतात आणि बहुतेक खेकडे नाताळ बघत नाहीत. आमची मार्ज वीस वर्षांवर जगली, कारण ती लोरेटाच्या हाती लागली. आणली होती आमच्या डीनासाठी, ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. डीना मोठी झाली, ओहायोला गेली, मार्ज राहिली. नंतर लोरेटाने आणखी तीन आणल्या. नावं तिने आपल्या मावश्यांची दिली. मार्ज, फिलिस, जीन आणि डॉट. दारावरची घंटा वाजली की त्या चौघी मावश्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या, म्हणून.

लोरेटा नोव्हेंबरात गेली. मार्ज त्याआधीच वाळूखाली गेली होती, कात टाकायला. मोठा खेकडा कात टाकायला गेला की महिनोन्महिने खाली राहतो. वाळूत पोकळी करतो, जुनं कवच उतरवतो, अंग कडक होईपर्यंत तिथेच पडून राहतो आणि ते जुनं कवच खातो. तेव्हा त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्याला कोणी हात लावायचा नाही. लोरेटाचा हा एकच नियम होता, आणि तो मोडलेला तिला खपत नसे.

हॉस्पिटलात ती रोज विचारायची, "मार्ज आली का वर?"

"नाही."

"खणू नकोस हं, एमिल. तुझा हात एकदा चालायला लागला की थांबत नाही. बाथरूमचा नळ गळत होता आणि तू अख्खी भिंत फोडलीस."

"भिंतीतच गळत होतं."

"मार्ज गळत नाहीये. ती येईल वर. तू नुसता थांब."

मी थांबलो होतो. आता फेब्रुवारी आला होता. टाकीचा डावा मागचा कोपरा तसाच होता, जिथे ती खाली गेली तिथे वाळूला एक हलकासा उंचवटा. आणि किडे लागल्यावर उपाय एकच असतो. सगळी वाळू काढून टाकायची. सगळी.

डीनाचा रविवारी फोन यायचा. मी तिला सांगितलं.

"बाबा, फेकून दे ते सगळं आणि इकडे ये."

"टाकी तुझ्या आईची आहे."

"पण मार्ज माझी होती ना? मग मालकीण म्हणून सांगते, फेक."

"मालकिणीने कॉलेजला जाताना नेली नाही ती."

"हॉस्टेलवर चालत नव्हतं!"

"टोस्टरही चालत नव्हता. तो नेलास."

ती हसली. मग म्हणाली, "मार्ज अजून खालीच आहे?"

"हो."

"हॅलोविनच्या आधीपासून? बाबा, इतके दिवस नसते राहत ती. मेली असेल रे."

"मेली असती तर वास आला असता. मेलेल्या खेकड्याचा वास घरभर होतो. तुझी आई म्हणायची."

"पण कोणाला आला असता वास?"

बोलल्यावर तिला वाईट वाटलं असावं. एका तापानंतर माझं नाक गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. मी नळदुरुस्तीचं काम करायचो. गटाराच्या कामाला बरंच झालं, असं लोक म्हणायचे. घरात लोरेटाचं नाक दोघांना पुरायचं. दूध नासलंय, पिऊ नकोस. शर्ट बदल. गॅस चालू राहिलाय. ती गेल्यापासून मी दुधाच्या डब्यावरची तारीख वाचतो. पण वाळूवर तारीख नसते.

"तुला आठवतं, तू तिला एकदा पुरलं होतंस?" मी विचारलं. विषय बदलायचा होता.

"बिस्किटाच्या डब्यात. अंगणात. प्रार्थनाही म्हटली होती मी, आणि आई हसत हसत खुरपं घेऊन आली."

"नुसती कातच होती ती."

"पायांसकट होती, बाबा. नांग्या, डोळे, सगळं. कोणालाही ती मेलेली मार्जच वाटली असती. आईने ती कात धुऊन परत टाकीत ठेवली. म्हणाली, अगं, हे तिचं जेवण आहे, तू जेवण पुरलंस." मग म्हणाली, "व्हिन्सकाकांना विचार ना. त्यांना येत असेल वास."

व्हिन्स डिमार्को समोरच्या मोटेलचा मालक. हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर दोनच घरांत दिवा असतो, त्याच्या आणि माझ्या. बाकी मोटेलं बंद, पोहण्याचे तलाव ताडपत्रीने झाकलेले, खुर्च्या साखळीने बांधलेल्या. बहुतेकांचं पाणी शरद ऋतूत मीच बंद करून नळ रिकामे करायचो, नाहीतर थंडीत फुटतात. व्हिन्सला फोन केला.

"काय म्हणालास? हुंगायचंय?"

"हो."

"अरे एमिल, तीस वर्षांत तू माझ्याकडे शिडी मागितलीस, बर्फ ढकलायचं मशीन मागितलंस. ते मशीन अजून तुझ्याकडेच आहे. नाक पहिल्यांदाच मागतोयस."

"येतोस की नाही?"

आला. टोपी उलटी फिरवली आणि टाकीत डोकं घातलं.

"ओली माती," तो म्हणाला.

"माशासारखा वास येतोय का?"

"मी या किनाऱ्यावर जन्मलोय. मला सगळ्यालाच माशाचा वास येतो. बायकोलासुद्धा." तो डोकं हळूहळू फिरवत होता. डाव्या मागच्या कोपऱ्याशी थांबला. "इथे काहीतरी आहे बघ. नासलेलं."

"मेल्यासारखं?"

त्याने डोकं बाहेर काढलं, टोपी सरळ केली. माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे.

"नाही सांगता येत, एमिल. खरंच नाही सांगता येत. फ्रिज बंद पडल्यावर येतो तसा वास आहे. लोरेटा असती तर..." मग म्हणाला, "आम्ही गुरुवारी फ्लोरिडाला चाललोय, मेहुणीकडे. ईस्टरपर्यंत. मोटेलच्या चाव्या देऊन जातो, जरा नळांवर लक्ष ठेव."

गुरुवारी सकाळी तो चाव्या द्यायला आला तेव्हा स्वयंपाकघर सगळं वापरात होतं. नवी वाळू मी ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरून तापवत होतो, म्हणजे तिच्यातून नवे किडे यायला नकोत. मोठ्या पातेल्यात रिकामे शंख उकळत होते. जुना ओंडका बाहेर कचऱ्यात गेला होता.

"काय शिजतंय?" व्हिन्सने ओव्हनच्या काचेतून वाकून पाहिलं.

"वाळू."

"मीठ बघितलंस का?"

"जा तू. विमान चुकेल."

त्याने चाव्या टेबलावर ठेवल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. मग गेला. गाडी वळेपर्यंत मी दारात उभा होतो. त्यानंतर रस्त्यावर एकही गाडी उरली नाही.

आधी तिघींना आंघोळ घातली. तीन भांड्यांत कोमट पाणी, क्लोरीन मारणारे थेंब घालून, समुद्राचं मीठ विरघळवून. नळाचं साधं पाणी त्यांना चालत नाही, त्यांचे कल्ले जळतात. एकेकीला शंखासकट पाण्यात उलटं धरायचं, म्हणजे आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि तिच्याबरोबर किडे. पहिल्या भांड्यातलं पाणी लगेच दुधाळ झालं. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात थोडेच उरले. जीनने आंघोळीत माझं बोट पकडून पाहिलं, ते मला बरं वाटलं. तिघींना ओल्या कागदावर एका झाकणाच्या डब्यात ठेवलं.

मग टाकीपाशी बसलो. वाळू उजवीकडून काढायला सुरुवात केली. आधी पळीने, मग मोठ्या चमच्याने, मग लहान. डाव्या कोपऱ्याकडे येईपर्यंत दुपार झाली होती. तिथे मी चहाचा चमचा घेतला आणि वरून न खणता बाजूने खरवडू लागलो. लोरेटा कधी नाइलाज झालाच तर असंच करायची. पोकळी लागली तर ती वरून ढासळू नये म्हणून.

उंचवट्याच्या खाली बोटभर खोलीवर काळपट थर लागला. मला वाटलं, झालं. चमचा खाली ठेवला. थोड्या वेळाने परत उचलला आणि तो थर उकरून कागदावर घेतला, भिंगाखाली धरला.

मक्याच्या लाह्या होत्या. अक्रोडाचे तुकडे. कोळंबीच्या शेपट्या. उकडलेल्या अंड्याचं काहीतरी. त्यावर किडे इतके, की सगळा ढीगच हलत होता.

हे मीच ठेवलेलं होतं. लोरेटा गेल्यानंतर मी रोज संध्याकाळी चौघींचं खाणं काढायचो. तिघींचं ताटलीत. मार्जचं तिच्या कोपऱ्यात, वाळूवर. ती खाली आहे, तिला यातलं काही नको आहे, हे मला माहीत होतं. पण तिघींचं काढून चौथीचं काढायचं नाही, हे हाताला जमत नव्हतं. सकाळी ते दिसायचं नाही. मला वाटायचं, बाकीच्या खातात. त्या खात नव्हत्या. चालता चालता वाळूत ढकलत होत्या. ओली वाळू, उबदार टाकी, खाली सडणारं खाणं. किड्यांना आणखी काय लागतं?

मी तो कागद दुमडला आणि बाहेरच्या पिंपात टाकला. हात धुतले. परत येऊन बसलो. वास अन्नाचा होता, म्हणजे व्हिन्सला आलेला वास मार्जचा नसेल. किंवा दोन्हींचा असेल. ते अजून खणल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणखी खाली चमचा सैल पडला. पोकळी होती. विजेरी तोंडात धरून आत पाहिलं. पहिल्यांदा एक पाय दिसला. मग दुसरा, मग मोठी नांगी, जांभळट तपकिरी, शंखाच्या बाहेर, बाजूला पडलेली. काहीच हलत नव्हतं. नांगीवर किडे फिरत होते.

मी तिथेच जमिनीवर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. ओव्हनची घंटा वाजून थांबली. मनात एवढंच होतं, की आता डीनाला सांगावं लागेल, आणि ती "अरे बाबा" म्हणेल, आणि मग आम्ही दोघं तिच्या आईबद्दल बोलायचं टाळू.

मग बिस्किटाचा डबा आठवला.

चिमट्याने तो पाय हळूच उचलला. वजन नव्हतं त्याला. दोन बोटांत दाबला. कोळंबी सोलून झाल्यावर टरफल दाबावं तसा तो आत गेला. पोकळ होता. नांगी उचलली, तीही पोकळ. डोळेसुद्धा नुसते काचेच्या टोप्यांसारखे.

मागे, पोकळीच्या टोकाला, तिचा शंख होता. तोंड पलीकडे वळवलेलं. कडेला काहीतरी फिकट गुलाबी दिसत होतं, बाळाच्या नखासारखं. ते जिवंत आहे की नाही, ते मला दिसलं नाही. मी शंख फिरवून पाहिला नाही. हात चालायला लागला होता, पण मी थांबवला.

तिला आंघोळ घालता येणार नव्हती, इतकं मऊ अंग पाण्यात टिकत नाही. तिची कात फेकताही येणार नव्हती, ते तिचं जेवण. पण त्यावर किडे. मी कात वेगळी काढली, तिन्ही भांड्यांतून एकेक तुकडा बुडवून काढला, भिंगाखाली पाहिला, परत बुडवला. मग लोरेटाचा केक उचलायचा रुंद चमचा पोकळीखाली सरकवला आणि शंखासकट, भोवतालच्या वाळूसकट, अख्खा गोळा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवला. ढासळला नाही. शेजारी धुतलेली कात ठेवली. भोवती ओव्हनमधून काढून गार केलेली, खाऱ्या पाण्यात ओली केलेली वाळू भरली. झाकणाला आधीच भोकं पाडली होती. वरून काळा टॉवेल. घर तापवणाऱ्या बॉयलरच्या कोठडीत ऊब आणि दमटपणा दोन्ही असतं, तिथे फळीवर डबा ठेवून दार लावलं.

मग टाकी. गरम पाणी आणि व्हिनेगर, साबण अजिबात नाही. कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश. दोनदा. उन्हात ठेवली, फेब्रुवारीचं जे काय ऊन असतं त्यात. दुसऱ्या दिवशी नवी वाळू, नारळाचा भुसा, उकळलेले शंख. तिघींना परत सोडलं. डॉटने पहिल्याच तासात शंख बदलला. तिला शंख बदलायची हौस, लोरेटा म्हणायची हिची खरी डॉट मावशी अशीच टोप्या बदलायची.

रविवारी डीनाला सगळं सांगितलं.

"तू तिला रोज जेवण ठेवत होतास?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे, मला कमी माणसांचं जेवण काढायची सवय नाही."

मग म्हणाली, "अजूनही ठेवतोस? मार्जचं नाही म्हणत मी."

"नाही," मी म्हणालो. ते खरं नव्हतं. टेबलावर अजून दोन कप निघतात. एक मी परत कपाटात ठेवतो.

"ईस्टरला येते मी. तोपर्यंत डबा उघडू नकोस."

"नाही उघडत."

पुढचे दिवस तसेच गेले. रोज सकाळी भिंग घेऊन काच पाहायचो. किडे गेले होते. व्हिन्सच्या मोटेलात जाऊन नळ पाहून यायचो, खोल्या एकामागून एक, सगळ्यांतल्या गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. माझ्याच पावलांचा आवाज यायचा. घरी आलो की बॉयलरच्या कोठडीशी उभा राहायचो. दार उघडत नव्हतो. काही ऐकू यायचं नाही, बॉयलर सोडून.

मार्च अर्धा झाला होता. पोर्क रोलच्या चकत्या आणि अंडं परतत होतो, तेवढ्यात खरवडल्याचा आवाज आला. वाटलं, पाइपात काहीतरी आहे. चूल बंद केली. आवाज पुन्हा आला. पाइपाचा नव्हता. पाइपाचे सगळे आवाज मला माहीत आहेत.

डबा आणून टेबलावर ठेवला. टॉवेल काढला, झाकण काढलं. मार्ज वाळूच्या वर होती. मोठी झाली होती, आणि रंग असा लाल की मी आधी ओळखलंच नाही. कात संपली होती, एका पायाचं टोक तेवढं उरलं होतं. किडे नव्हते.

"मार्ज," मी म्हणालो. लगेच ती शंखात गेली आणि मोठी नांगी दारासारखी लावून घेतली. आतल्या खोलीत.

लोरेटा हाक मारायची नाही. हात सपाट ठेवायची आणि बसून राहायची. तिच्या हातावर मार्ज चढून मनगटापर्यंत यायची. माझ्या हातावर कधी आली नाही, कारण मी कधी तेवढा बसलो नाही. मी तळहात वाळूवर ठेवला. अंडं गार झालं. आधी एक मिशी बाहेर आली, मग डोळे, मग पाय. ती माझ्या बोटांशी आली, चाचपलं, तळहातावर चढली. तिचे पाय नवे, टोकदार होते. तिने मध्यभागी जाऊन नांगी उघडली आणि तळहाताची कातडी धरली.

नव्या नांगीत जोर किती असतो, ते मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. ओढलं तर तिची नांगी तुटते. पाण्याखाली धरलं तर सोडते, पण क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची बाटली वरच्या कपाटात होती आणि एका हाताने तिचं झाकण निघत नाही.

"लोरेटा!" मी ओरडलो. "ये गं लवकर, हिने धरलंय मला!"

आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. वर कोणी चाललं नाही. टाकीतल्या तिघी एकदम शंखांत गेल्या.

मी पायाने खुर्ची ओढली आणि बसलो. हात टेबलावर सपाट ठेवला, जसा ठेवायला हवा तसा. मार्ज आपल्या जागी होती, डोळे उंच करून माझ्याकडे की खिडकीकडे बघत होती, ते कळत नव्हतं. दुखत होतं. सोडवायला मी काही केलं नाही. तिला वाटेल तेव्हा ती सोडेल.